किचन ट्रॉल्यांचे पैसे सिंकपासून मोजा

पुण्यातल्या धायरीत प्लॉटवर घर बांधणाऱ्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. प्लास्टर झालंय, फरशी अर्धी झालीय, किचनचा ओटा पुढच्या आठवड्यात घालायचाय. किचन एल आकाराचं, साधारण १० बाय ११. घरात पाच माणसं, स्वयंपाक दोघी करतात: सूनबाई ५ फूट ४ इंच, सासूबाई ४ फूट ११. ट्रॉलीवाल्याने तीन कोटेशनं दिलीत, साधं, प्रीमियम आणि लक्झरी, आणि पहिल्या-तिसऱ्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कशासाठी जादा पैसे मोजावेत आणि कशासाठी नाही, असं विचारलंय.

मी २२ वर्षं हेच काम करतो, वर्कशॉप नऱ्ह्याला आहे. माझा पहिला सल्ला असा की तिन्ही कोटेशनं परत करा आणि एकेका कपाटाचा वेगळा हिशोब मागा. पॅकेज म्हणजे अख्ख्या किचनला एकच माल, आणि तसा तो लागत नाही. लॉफ्टवर चकलीचा सोऱ्या ठेवायचाय, तो दिवाळीला एकदा खाली येणार. सिंकखाली पाइप आहेत, त्यांना बारा महिने घाम येतो. दोघांना एकाच दर्जाचा बोर्ड कशाला? मी गिऱ्हाइकाला एक गावठी नियम सांगतो: सिंकपासून जितकं लांब जाल तितका माल हलका चालतो.

हा नियम कुठून आला ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत सहा वर्षांचं किचन उघडायला गेलो होतो. बाहेरून ॲक्रिलिकची दारं, चेहरा दिसेल इतकी चकचकीत. सिंकखालचं शटर ओढलं तर ते माझ्या हातातच आलं. बिजागरीचे स्क्रू तसेच लटकत होते आणि त्यांच्या आट्यांत ओला भुसा अडकलेला. तळाचा बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता, बोट लावलं की पापुद्रा सुटायचा. कारण शोधायला अर्धा तास गेला. वॉटर प्युरिफायरची बारीक पांढरी नळी, तिच्या जोडातून थेंब. सतत धार नाही, मिनिटाला एखादा थेंब असेल. पुढे कचऱ्याचा डबा असल्याने कुणाला दिसला नाही. आता गंमत बघा. त्याच बोर्डाची, त्याच दिवशी बसवलेली डब्यांची ट्रॉली दोन कपाटं सोडून होती आणि ती नव्यासारखी चालत होती. बोर्ड वाईट नव्हता, जागा चुकली होती. त्या माणसाने चकाकीला जे पैसे घातले, त्यातले चार आणे सिंकखाली घातले असते तर मला बोलवायची वेळ आली नसती.

तेव्हा तुमच्या सिंकपासून सुरुवात करू. तुमचा ओटा अजून झालेला नाही, हे तुमचं नशीब. फ्लॅटवाल्यांना बिल्डरने घातलेला ओटा पदरात घ्यावा लागतो. पुण्यात जुनी पद्धत होती: गवंडी कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावून वर ओटा टाकायचा आणि ट्रॉलीवाला मग त्या खणांत फ्रेम, चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) आणि दारं बसवायचा. मॉड्युलरवाले या पद्धतीला नाकं मुरडतात, आणि ते अगदी चूक नाहीत. गवंड्याचा ओळंबा आणि आमचं मशीन यांचं जमत नाही. वर १९ इंच आणि खाली साडेअठरा अशा खणात रेडीमेड ड्रॉवर बसत नाही. प्रत्येक उभी फळी जागाही खाते. पण कडप्पा पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. म्हणून मी अख्खा ओटा कडप्प्यावर घेऊ नका म्हणतो. फक्त सिंकचा खण आणि सिलिंडरचा खण दगडात बांधून घ्या. ग्रॅनाइटचे तुकडे उरले असतील तर त्यांचा घ्या, आणखी बरं. कडप्पा शेवटी चुनखडीच्या जातीचा दगड, ॲसिड सांडलं की तो खाल्ला जातो. तळाला मागून पुढे किंचित उतार ठेवायला सांगा, म्हणजे गळती झाली की पाणी दारापुढे येऊन तुम्हाला सांगेल. या दोन खणांना ट्रॉलीवाल्याने फक्त शटर लावायचं. कोटेशनमधून दोन बॉक्स वजा होतात, हाही फायदाच.

दगड नको असेल तर सिंकच्या बॉक्सला आयएस ७१० या भारतीय मानकाची बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लाय, म्हणजे ज्याला दुकानात मरीन म्हणतात ती. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटवण तपासतात. मरीन म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायची प्लाय, असा मात्र गैरसमज नको. तिचे थर सुटत नाहीत, पण लाकूड उघड्या कडेतून पाणी पितंच. त्यामुळे पाइपासाठी मागच्या फळीला पाडलेलं भोक सिलिकॉनने बंद केलंय की नाही ते स्वतः वाकून बघा. शंभरातल्या नव्वद ठिकाणी ते तसंच कच्चं सोडलेलं असतं.

मरीनच्या नावाखाली काहीही विकलं जातं. शीटवर आयएसआय मार्क आणि सीएम/एलने सुरू होणारा नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आहे ते दिसतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये माल घ्यायला स्वतः गेलात तर तिथेच उभं राहून करा, दुकानदार रागावला तर पुढच्या दुकानात जा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईंनी याहून सोपं केलं. सुताराकडून तीन इंचाचा तुकडा मागून घेतला आणि जुन्या पातेल्यात दिवसभर उकळत ठेवला. संध्याकाळी प्लायचे थर पत्त्यांसारखे सुटले. त्या तुकड्याने त्या घराचे किती पैसे वाचवले, ते त्यांनाही माहीत नसेल.

बाकीचे खालचे बॉक्स बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टन्ट) प्लायमध्ये चालतील. ती आयएस ३०३ मध्ये येते, ओल सोसते. सिंकला लागून असलेला एक बॉक्स मात्र मरीनचाच घ्या, कारण गळती शेजारधर्म पाळते. भिंतीवरची कपाटं एचडीएचएमआर (हाय डेन्सिटी हाय मॉइश्चर रेझिस्टन्ट) या दाबून केलेल्या बोर्डात किंवा चांगल्या प्री-लॅमिनेटेड बोर्डात करा, आणि लॉफ्टला सगळ्यात स्वस्त जे असेल ते. शटरसाठी मी एचडीएचएमआरच देतो, मरीन मागितली तरी. प्लायचं उंच शटर वर्षभरात किंचित वळतं आणि मग दोन दारांमधली फट वर बारीक, खाली रुंद दिसते. एचडीएचएमआर सरळ राहतो. फक्त त्याच्या नावातला 'मॉइश्चर रेझिस्टन्ट' हा शब्द दमट हवेपुरता आहे, साचलेल्या पाण्यापुरता नाही.

एज बँडिंगबद्दल, म्हणजे बोर्डाच्या उघड्या कडेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल, तुमच्या तिन्ही कोटेशनांत एक शब्द नसेल, मी पैज लावतो. बोर्डात पाणी शिरतं ते कडेतून. बाहेरच्या दारांना २ एमएमची आणि आतल्या बॉक्सला ०.८ एमएमची पट्टी, मशीनवर गरम गोंदाने लावलेली. साइटवर ब्रशने फेविकॉल लावून चिकटवलेली पट्टी गॅसच्या बाजूला दोन उन्हाळ्यांत सुटते. बॉक्सच्या चारही कडांना पट्टी मागा, न दिसणाऱ्या मागच्या आणि खालच्या कडांनाही. तिथे कारागीर सरळ चुकवतो, कारण कुणी बघत नाही. बॉक्स जमिनीवर टेकवायचे नाहीत, चार इंची प्लॅस्टिकचे पाय लावून पुढे क्लिपची स्कर्टिंग घ्यायची. फरशी पुसल्याचं पाणी खाली जातं, आणि प्लॉटवरच्या घराला वाळवीची भीती जास्त, तेव्हा स्कर्टिंग काढून टॉर्च मारता आली पाहिजे.

आता हलणारे भाग. इथे मात्र जादा पैसे द्या, पण वजन मोजून. एकदा एका घरी मी पातेल्यांची ट्रॉली रिकामी करून बाथरूममधल्या वजनकाट्यावर भांडी मांडली होती. पाच लिटरचा कुकर, तीन लिटरचा कुकर, लोखंडी कढई, बिडाचा तवा, सात-आठ पातेली, झाकण्या. काटा ३१ किलोवर गेला आणि त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरलेलंच नव्हतं. बाजारात चांगल्या कंपन्यांचे ड्रॉवर साधारण ३० किलोच्या आणि ६५ किलोच्या क्षमतेत मिळतात. कोटेशनमध्ये तीस किलोचे लिहिलेले असतात, आणि आपल्या घरात त्यात कुकर जातो. मग वर्षभरात ड्रॉवर पुढून एक सूत झुकतो, शेजारच्या दाराला घासतो आणि तक्रार येते की हिंज गेलं. हिंज गेलेलं नसतं. तुमच्याकडे असे जड ड्रॉवर दोनच असतील: एक पातेल्यांचा, दुसरा गव्हाच्या-तांदळाच्या डब्यांचा. ते दोन ६५ किलोचे घ्या. चमचे, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा यांना साधं टेलिस्कोपिक चॅनेलही पुरतं.

कोटेशनमध्ये नुसतं 'टँडम' लिहिलं असेल तर कुठल्या कंपनीचं ते लिहून मागा. टँडम हे मुळात ब्लुम या ऑस्ट्रियन कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही दुपदरी पत्र्याच्या ड्रॉवरला टँडमच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. ब्लुम, हेटिक, हाफेले, एबको यांपैकी काहीही असो, बॉक्सवर नाव आणि मॉडेल नंबर असलेलं बिल घ्या. उद्या एक पार्ट बदलायचा झाला तर त्या नंबरावरच मिळतो. सॉफ्ट क्लोज हिंज खालच्या दारांना घ्या, वरच्या दारांना परवडलं तर, लॉफ्टला अजिबात नाही. वर्षातून चारदा उघडणारं दार हळू मिटल्याने कुणाचं काय वाचतं?

स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या घेणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टील मागा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, 'बघा, चिकटत नाही'. चुंबक २०२ ग्रेडलाही चिकटत नाही, त्यामुळे त्या प्रयोगातून काहीच कळत नाही. फरक ओळखायचं थेंबाचं रसायन मिळतं, ते २०२ वर रंग बदलतं. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो ते स्वतःहून दाखवतो.

स्टीलबद्दलच एक गोष्ट, जी नव्या बांधकामातच घडते आणि नंतर दोष ट्रॉलीवाल्याला लागतो. घर ताब्यात घेण्याआधी फरशीवरचा सिमेंट काढायला गवंडी ॲसिड मारतो. खिडक्या बंद, ॲसिडचा वाफारा घरभर. चार वर्षांपूर्वी माझं एक किचन बसवून झालं आणि दुसऱ्या दिवशी फरशीवाल्याने ॲसिड मारलं. तीन आठवड्यांत सगळ्या हिंजांवर तपकिरी ठिपके, जाळ्यांच्या वेल्डिंगवर गंज. कंपनीने वॉरंटी नाकारली, आणि खरं सांगायचं तर नाकारायलाच हवी होती. २६ हिंजं मी पदरचे पैसे घालून बदलली. तेव्हापासून माझ्या कोटेशनच्या शेवटी एक ओळ असते: ॲसिड वॉश आणि पहिला हात रंग झाल्याशिवाय माल साइटवर येणार नाही. राहायला गेल्यावरही सिंकखाली टॉयलेटचं ॲसिड किंवा ब्लीचची बाटली ठेवू नका, झाकण घट्ट असलं तरी.

बाहेरच्या दारांचं फार बोलत नाही, कारण लक्झरी पॅकेजातला बहुतेक फरक तिथेच आहे आणि तिथेच तो वाचवायचा आहे. १ एमएमचं मॅट लॅमिनेट घ्या आणि मोकळे व्हा. ॲक्रिलिकवर फोडणीचे तुषार आणि बोटांचे ठसे दिसतात आणि घासणीने ओरखडे पडतात. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, सुंदर दिसतो, पण टवका उडाला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही. मेम्ब्रेनची, म्हणजे वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, दारं गॅसजवळ सुटताना मी इतकी पाहिलीत की आता विकतच नाही. हँडल काढून टाकून दाराच्या वरच्या कडेला खाच द्यायची फॅशन आहे, तिला प्रोफाइल हँडल म्हणतात. पोळ्या करता करता कणकेच्या हाताने ती दहा वेळा उघडाल तेव्हा खाचेत काय साठतं ते कळेल. साधं डी आकाराचं हँडल, दोन बोटं आत जातील असं. सासूबाईंच्या बोटांनाही तेच सोपं.

एलच्या कोपऱ्यात 'मॅजिक कॉर्नर', म्हणजे ओढलं की आतल्या जाळ्या बाहेर येणारं कपाट, सुचवला असेल. त्यात जादू आहे ती विकणाऱ्याच्या बिलात. कोपऱ्याला दोन साधे कप्पे ठेवा, रुखवतातली पितळेची पातेली, मोठा मोदकपात्र-कुकर असलं जाईल. धान्याचं उंच पुलआउट, म्हणजे अख्खं एका ओढीत बाहेर येणारं कपाट, तेही मला पटत नाही. अख्खं वजन एकाच चॅनेलवर येतं, ते बिघडलं तर सगळा किराणा बाहेर. त्याच जागेत दाराच्या आत वेगवेगळे चार ड्रॉवर करून घ्या.

आता ओटा घालण्याआधीच्या गोष्टी, कारण या नंतर फोडून कराव्या लागतात. उंची आधी ठरवा. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली जिथे येईल तिथे ओटा. सूनबाईंना साधारण ३५ इंच येईल, सासूबाईंना ३१-३२. दोन्हीच्या मधलं ३३ असं काढून दोघींना त्रास देऊ नका. आधी हे बघा की शेगडी ओट्यावर ठेवायची आहे की ओट्यात बसवायची. वर ठेवलेल्या शेगडीने पातेलं आणखी चार इंच वर जातं, म्हणजे ठेंगण्या माणसाला कढईत बघायला टाचा उचलाव्या लागतात. तुमच्या एलच्या दोन बाजू आहेत. गॅसची बाजू ३२ ठेवा आणि सिंकची, चिराचिरीची बाजू ३५. मधे तीन इंचांची पायरी येते, सुताराला त्याचं काही वाटत नाही. गवंडी कुरकुरेल, ऐकू नका. उंची तयार फरशीपासून मोजायची, कोब्यापासून नाही. या एका चुकीने इंच-दीड इंच जातो.

त्या ३५ चा आणखी एक उपयोग. आज डिशवॉशर घ्यायचा नसला तरी २४ इंची रुंद खण सिंकशेजारी सोडा. सर्वसाधारण डिशवॉशर साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे सव्वातेहतीस इंच उंच असतो. ३५ च्या ओट्यातून ग्रॅनाइट आणि खालचा थर वजा करून तेवढी उंची उरते का ते टेपने मोजूनच ओटा पक्का करा. त्याचा १६ अँपिअरचा पॉइंट मशिनच्या मागे देऊ नका, शेजारच्या कपाटात द्या. तसाच एक ओव्हनला. चिमणीसाठी भिंतीला सहा इंची भोक आत्ताच, आणि बाहेर जाईपर्यंत पाइपाला कमीत कमी वळणं. शेगडीपासून चिमणी २६ ते ३० इंचांवर.

राहिला सिलिंडर. धायरीत तुमच्या गल्लीत पाइपचा गॅस आहे की नाही ते मला ठाऊक नाही. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून त्या खणाच्या शटरला खालच्या बाजूला जाळी हवी, आणि शक्यतो मागून बाहेरच्या भिंतीला जमिनीलगत झरोका. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो, म्हणून त्याला वर झरोका लागतो. आज खालचा घ्या आणि वरच्यासाठी भिंतीत चार इंची पाइपाचा तुकडा टोपण लावून ठेवा. सिलिंडर ट्रॉलीवर ठेवून पुढे ओढायची फॅशन आहे, त्यात गॅसची नळी प्रत्येक वेळी ताणली जाते. मी तिथे काही बसवत नाही, नुसता सपाट दगड ठेवतो.

गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय, तर उद्याच खडूने भिंतीवर सगळं काढा: सिंक, गॅस, दोन्ही उंच्या, प्युरिफायरची नळी कुठून कुठे जाणार ते. मग दोघी त्या खडूच्या ओट्यासमोर उभ्या राहून पोळी लाटल्यासारखं करून बघा. हसू येईल, पण माझ्या एका गिऱ्हाइकाने असंच करून बघितलं आणि सिंक खिडकीकडून दोन फूट सरकवलं, कारण पोळपाटाला जागाच उरत नव्हती.